मेथीची सुकी भाजी, पानांवर झाकण न ठेवता

मेथीची सुकी भाजी गॅसवर पंधरा मिनिटांत होते. निवडायला त्याहून जास्त वेळ जातो, तो धरलेला नाही. आणि भाजी बिघडते तीही बहुतेक वेळा कढईत नाही, त्याआधी नळाखाली. पानात मुळातच भरपूर पाणी असतं, त्यात धुतल्याचं पाणी, कांद्याचं पाणी आणि मीठ पडलं की सुटणारं पाणी. हे पाणी सुटण्यापेक्षा लवकर उडालं तर भाजी परतली जाते, खमंग होते, हिरवी राहते. ते कढईत साचलं की भाजी स्वतःच्याच पाण्यात उकडते, मग ती काळपट, लिबलिबीत आणि कडसर होते. कढईचं माप, आच, मीठ घालायची वेळ, सगळं मी या एकाच हिशोबाने ठरवतो.

चार जणांना पोळीबरोबर पुरेल असं माप: मध्यम दोन जुड्या मेथी (निवडून साधारण 250 ग्रॅम पानं), 3 टेबलस्पून मुगाची डाळ, एक मध्यम कांदा, देशी लसणाच्या 10-12 पाकळ्या, 3-4 हिरव्या मिरच्या, 2 टेबलस्पून शेंगदाण्याचं तेल, मोहरी आणि जिरं प्रत्येकी अर्धा चमचा, दोन चिमूट हिंग, पाव चमचा हळद, अर्धा ते पाऊण चमचा मीठ, चिमूटभर गूळ, 2 टेबलस्पून दाण्याचं जाडसर कूट. चमचा म्हणजे इथे मिसळणाच्या डब्यातला नाही, चहाचा, 5 मिलिलिटरचा. डब्यातले चमचे घरोघरी वेगळे असतात आणि मिठाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मेथी थंडीतलीच चांगली. त्या दिवसांत जुडी मोठी मिळते, पान रुंद आणि देठ कोवळा असतो. उन्हं तापायला लागली की झाड पटकन फुलावर येतं. जुडीत बारीक पांढरी फुलं किंवा कोवळ्या शेंगा दिसल्या तर ती मेथी भाजीला घेऊ नये. तिची पानं जून झालेली असतात, कडूही जास्त. देठ वाकवून बघावा: कट्‌कन मोडला तर कोवळा, वाकून धागा सुटला तर जून. पिवळी पानं दोन-चार असली तर चालतात, पण जुडीच्या आत ओल आणि चिकटपणा असेल तर वरून कितीही टवटवीत दिसो, घरी आल्यावर निम्मी टाकावी लागते. भाजीवाले वरून पाणी मारतात, त्यामुळे बाहेरच्या पानांवर विसंबू नये, जुडीच्या मध्ये बोट घालून बघावं.

निवडताना पानं आणि वरचे कोवळे देठ घ्यायचे. नुसती पानं खुडत बसणं ही हौस आहे, गरज नाही. कोवळ्या देठाने भाजीला थोडं अंग येतं, नाहीतर ती लगद्यासारखी होते. जून देठ मात्र एकही नको. पंधरा मिनिटांत तो शिजत नाही आणि दातात अडकतो.

आता धुणं. आधी धुवायचं, मग चिरायचं. चिरून धुतलं तर कापलेल्या कडांतून रस पाण्यात जातो आणि चिरलेली पानं पाणी धरूनही जास्त ठेवतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात सोडायची, हाताने दोन-तीनदा खालवर करायची आणि अर्धा मिनिट तशीच ठेवायची. माती खाली बसते. मग पानं वरच्या वर उचलून चाळणीत काढायची. पातेलं चाळणीत उपडं केलं तर तळाची सगळी माती परत पानांवर येते. असं तीन पाण्यांतून, किंवा तळाशी बोट फिरवलं तर कचकच लागत नाही तोवर. पावसाळ्यात चार-पाच पाणी लागतात.

मुंबईकडे समुद्रमेथी मिळते, रेतीत वाढवलेली, इवल्या पानांची, मुळांसकट बांधलेल्या छोट्या जुड्यांची. तिचं तंत्र वेगळं. जुडीचा दोरा सोडण्याआधीच मुळाकडचा भाग सुरीने कापून टाकायचा. आधी सोडली तर रेती सगळ्या पानांत पसरते आणि मग सहा पाणी घातली तरी कचकच राहते. ही मेथी निवडायची नसते, देठासकट घ्यायची. कडूपणा कमी, कोवळेपणा जास्त, त्यामुळे पुढे दिलेल्या वेळांतली पान परतायची वेळ तिच्यासाठी निम्मी धरावी.

धुतल्यावर निथळणं हा सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा. चाळणी किंवा रोळी तिरकी ठेवून निदान वीस मिनिटं. घाई असेल तर सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या कापडाने हलकेच टिपायची, पिळायची नाही. ओल्या पानांबरोबर अर्धी वाटी पाणी कढईत सहज जातं, आणि ते उडेपर्यंत पानं उकडत राहतात.

निथळतेय तोवर डाळ. मुगाची डाळ धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास. नखाने दाबली की तुटली पाहिजे, पण पीठ होता कामा नये. बोअरिंगचं जड पाणी असेल तर तासभर ठेवावी, जड पाण्यात डाळ मऊ व्हायला वेळ घेते. भिजली की सगळं पाणी काढून टाकायचं. काही घरांत डाळ नसते, नुसतीच मेथी असते. तीही चांगलीच लागते, पण डाळ सुटलेलं थोडंफार पाणी ओढून घेते आणि कडूपणा बोथट करते. पहिल्यांदा करणाऱ्याने डाळ घालूनच करावी.

चिरताना जुडगा करून साधारण एक सेंटीमीटरच्या अंतराने, एकदाच. विळी असो वा सुरी, धार हवी. बोथट पात्याखाली पानं कापली जात नाहीत, चेचली जातात, पाटावर हिरवा रस दिसायला लागतो आणि तोच कडू लागतो. पराठ्यांना चिरतो तशी बारीक इथे नको. कडूपणा घालवायला चिरलेल्या मेथीला मीठ चोळून पिळून काढतात, मला ते पटत नाही. कडूपणाबरोबर चव आणि रंग दोन्ही मोरीत जातात, आणि पिळलेल्या पानांचा कढईत गोळा होतो. कडू नकोच असेल तर पालक करावा.

कढई मोठी घ्यायची, 28 ते 30 सेंटीमीटर तोंडाची, लोखंडी किंवा जाड बुडाची. कच्ची मेथी ढिगासारखी दिसते आणि शिजून पावपट होते, म्हणून शेवटच्या मापावर कढई निवडायचा मोह होतो. पण पाणी उडतं ते पसरलेल्या पृष्ठभागावरून. खोल, अरुंद पातेल्यात वाफ वर येता येता पुन्हा पानांवर बसते. चार जुड्यांची भाजी करायची असेल तर दोन घाण्यांत करावी. एकाच कढईत दामटली की वरची पानं कच्ची आणि खालची उकडलेली. आणि शेगडीचा मोठा बर्नर वापरायचा, चहाचा छोटा नाही.

कढई मोठ्या आचेवर मिनिटभर तापवून तेल घालायचं. मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, लगेच तडतडला तर बाकीची घालायची. न तडतडलेली मोहरी कडू लागते आणि मग दोष मेथीवर जातो. तडतड ओसरली की जिरं, ते फुललं की हिंग, आणि लगेच आच मध्यम करून ठेचलेला लसूण आणि मिरच्यांचे तुकडे. लसूण खलबत्त्यात मीठ न घालता ओबडधोबड ठेचायचा. अगदी बारीक पेस्ट तळाला चिकटते आणि करपते. कडा सोनेरी व्हायला लागल्या की पुढची पायरी घ्यायची, सगळा लसूण सोनेरी होण्याची वाट बघितली तर कांदा पडेपर्यंत तो तपकिरी झालेला असतो. करपलेला लसूण मेथीच्या कडूपणावर आणखी एक कडूपणा चढवतो आणि तो गुळाने जात नाही. असं झालं तर तेल टाकून देऊन फोडणी नव्याने करावी. दोन टेबलस्पून तेल वाया गेलेलं परवडतं, दोन जुड्या मेथी नाही.

कांदा घालून दोन मिनिटं, पारदर्शक होईपर्यंत, लाल नको. कांदा एकच. तीन कांदे घातले की भाजी गोड होते आणि पाणीही वाढतं. चातुर्मासात कांदा-लसूण नसेल तेव्हा हिंग वाढवायचा आणि मिरच्यांसोबत थोडं किसलेलं आलं घ्यायचं, बाकी कृती तीच. हळद कांद्यानंतर, कारण कांद्याच्या ओलाव्यात ती करपत नाही. नुसत्या कडकडीत तेलात हळद काळपट पडते.

मग निथळलेली डाळ. इथे, आणि फक्त इथेच, झाकण आहे. डाळ मिनिटभर परतून दोन-तीन चमचे पाण्याचा शिपका द्यायचा, आच कमी करून तीन-चार मिनिटं झाकायची. दाणा दोन बोटांत दाबला की दबावा, पण अख्खा दिसावा. पानं पडल्यावर डाळ शिजवायला थांबायचं नाही, म्हणून ती आधीच जवळपास झालेली हवी. बऱ्याच घरांत डाळ आणि मेथी एकदम घालून झाकण ठेवतात. डाळ शिजेपर्यंत मेथी काळी होते, आणि मेथीत दम नव्हता असं म्हणत पुढची जुडी आणली जाते. झाकण काढल्यावर तळात पाणी दिसलं तर ते आधी आटवायचं.

आता आच पूर्ण मोठी. मेथी एकदम नाही, तीन वेळा मूठमूठ करून. पहिली मूठ पडल्यावर चर्र आवाज आला पाहिजे. आवाज बसला म्हणजे कढई थंड पडली, तेव्हा पुढची मूठ थांबवायची. उलथण्याने तळापासून वर, पानं मोकळी करत. पहिली मूठ खाली बसली की दुसरी, मग तिसरी. पानं पडल्यानंतर सगळं मिळून पाच ते सहा मिनिटं.

पहिल्या मिनिटात पानांचा रंग एकदम उजळतो, कच्च्यापेक्षाही हिरवा दिसतो. पानांच्या पेशींमधली हवा उष्णतेने बाहेर पडते, म्हणून हिरवेपणा जास्त खुलून दिसतो. हा रंग टिकवायला वेळ थोडाच मिळतो. पेशी फुटल्या की पानातली स्वतःची आम्लं बाहेर येतात आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू त्यांच्यापुढे टिकत नाही. तो गेला की हिरव्याचा मेंदीसारखा मळकट रंग होतो. पाच-सात मिनिटांनंतर हा बदल झपाट्याने दिसायला लागतो. झाकण उघडं असेल तर यातली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकलं तर झाकणाला लागून पुन्हा थेंबाथेंबाने भाजीत पडतात. झाकण न ठेवण्याचं कारण एवढंच, पण ते पक्कं आहे. याच कारणाने टोमॅटो या भाजीत घालत नाही आणि लिंबू पिळायचं तर ताटात पिळायचं. रंगासाठी चिमूटभर खायचा सोडा घालायची युक्ती हॉटेलांत चालते. रंग टिकतो खरा, पण पानांचा पार लगदा होतो आणि ब आणि क जीवनसत्त्वांचं नुकसान होतं. सहा मिनिटांच्या भाजीला त्याची गरजही नाही.

मीठ अगदी शेवटी, चौथ्या-पाचव्या मिनिटाला, पानं पूर्ण बसल्यावर. याला दोन कारणं आहेत. मीठ पडलं की पान पाणी सोडतं, आणि लवकर घातलं तर ते पाणी आपल्या हातात राहत नाही. दुसरं, कच्च्या ढिगाकडे बघून मीठ टाकलं तर ते हमखास चौपट पडतं. पालेभाज्या खारट होतात त्या बहुतेक याच कारणाने. बसलेली भाजी बघून अर्धा चमचा घालायचं, चाखायचं, मग उरलेला पाव. गूळ मिठासोबतच, चिमूटभर. गोडवा कळता कामा नये, कडूपणाची टोकं तेवढी बोथट व्हावीत. मीठ घातल्यावर आणखी एक मिनिट मोठ्या आचेवर, तळाशी ओल दिसेनाशी झाली की गॅस बंद. मग कूट. कूट गॅसवर असताना घातलं तर तळाला लागतं आणि भाजी कोरडी ठक्क होते. कोकणात आणि गोव्यात कुटाऐवजी ओलं खोबरं असतं, तेही असंच, मूठभर, बंद आचेवर. खोबरं घालणार असाल तर लसूण निम्मा करावा आणि गूळ घालूच नये, खोबऱ्यात गोडवा असतो.

इतकं करूनही पाणी सुटलं तर भाजी ढवळत बसू नये. कढईच्या कडांना भाजी लोटून मधे खड्डा करायचा, आच मोठी ठेवायची. पाणी मधे जमून तिथेच आटतं, पानं कडेला सुरक्षित राहतात. तरी उरलंच तर कोरडं भाजलेलं बेसन दोन चमचे भुरभुरायचं. खारट झाली तर कूट किंवा खोबरं वाढवावं, किंवा वेगळी शिजवलेली थोडी मुगाची डाळ मिसळावी. कच्चा बटाटा टाकून मीठ ओढून घेण्याचा उपाय सुक्या भाजीत काही कामाचा नाही. आणि कचकच लागली तर त्या भाजीला उपाय नाही.

खानदेश-विदर्भाकडे हीच भाजी पीठ पेरून करतात आणि तिथे वरचे काही नियम उलटतात. डाळ आणि कूट गाळायचं, तेल दीडपट घ्यायचं. मीठ घातल्यावर भाजीला थोडी ओल असतानाच 4 टेबलस्पून बेसन हाताने सगळीकडे भुरभुरायचं, न ढवळता मंद आचेवर तीन-चार मिनिटं झाकायचं, मग उलथायचं. इथे वाफ लागतेच, नाहीतर पीठ कच्चं राहतं आणि घशाला चिकटतं. रंगाचा आग्रह सोडावा, चव वेगळीच असते. तेल कमी घातलं की पिठाच्या गुठळ्या कोरड्या राहतात, त्यामुळे या प्रकारात तेलाची काटकसर करायची असेल तर करूच नये.

याच पद्धतीने इतर पालेभाज्या होतात, वेळा तेवढ्या बदलतात. पालकात पाणी सगळ्यात जास्त, त्यामुळे दोनच मिनिटं आणि आणखी मोठी कढई. शेपू मेथीसारखाच, डाळीसकट, फक्त लसूण थोडा वाढवून. त्याचा वास सगळ्यांना मानवत नाही, लसणाने तो जरा दबतो. चवळई आणि हिरवा माठ सात-आठ मिनिटं घेतात आणि त्यांचे देठ मेथीपेक्षा जाड असतात, ते सोलून दोन मिनिटं आधी घालावेत. कांद्याची पातही झटपट, चार मिनिटांत. करडई राठ, ती आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्यावी लागते. हरभऱ्याच्या पाल्यावर मुळातच आंब असते आणि अंबाडी तर आंबटच, त्यामुळे या दोन्हींचा रंग कितीही जपला तरी हिरवा राहणार नाही. तिथे झाकणाची चिंता करू नये.

परदेशात विजेच्या कॉइलवर किंवा काचेच्या शेगडीवर करणाऱ्यांची अडचण म्हणजे तवा थंड पडला की पुन्हा तापायला वेळ लागतो. तिथे मेथी तीनऐवजी पाच-सहा मुठींत घालावी, आणि खोलगट कढईऐवजी सपाट बुडाचं पसरट भांडं घ्यावं. गोल बुडाची कढई काचेवर मधल्या रुपयाएवढ्या जागेतच तापते. गोठवलेल्या मेथीच्या वड्या मिळतात त्यांत पाणी फार असतं आणि पानं अर्धवट शिजलेलीच असतात. त्यांची कृती उलटी करावी: आधी कोरड्या भांड्यात मेथी टाकून पाणी आटवायचं, ती बाजूला काढायची, मग त्याच भांड्यात फोडणी, कांदा, डाळ, आणि शेवटी मेथी दोन मिनिटं. रंग ताज्यासारखा येत नाही, पण भाजी मोकळी होते.

झालेली भाजी लोखंडी कढईत ठेवू नये. तासाभरात ती काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. लगेच पसरट भांड्यात काढावी. डब्यात द्यायची असेल तर पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर कढईत टाळलेली वाफ डब्यात धरते. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी गरम करण्यात अर्थ नाही, चव उतरते. तिची थालीपिठं करावीत: वाटीभर भाजीला दीड वाटी थालीपिठाची भाजणी, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर मीठ. आधी कोरडंच कालवून बघायचं, भाजीची ओल किती आहे ते कळतं, मग लागेल तेवढंच पाणी. याची चार मध्यम थालीपिठं होतात.